पेरूत ‘हो’ ऐकलं, ऑर्डर कुठे आहे? : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

पेरूशी व्यापार करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या वाचकांच्या पत्रांतले काही निवडक प्रश्न इथे घेतले आहेत. जहाजभाडं आणि आयात शुल्काचे प्रश्न बाजूला ठेवले आहेत. तिथल्या माणसांशी आणि तिथल्या कागदांशी कसं वागायचं, एवढ्यापुरतंच हे सदर.

प्रश्न : आम्ही तीनचाकीचे सुटे भाग बनवतो. पेरूची राजधानी लिमा इथल्या एका वितरकाशी चार महिने व्हॉट्सअ‍ॅपवर बोलणं चालू आहे. त्यांनी प्रोफॉर्मा मागितली, आम्ही लगेच पाठवली. दर वेळी ‘हो, हो’ म्हणतात, ऑर्डर मात्र येत नाही. नाद सोडावा का? (लघुउद्योजक, भोसरी)

नाद सोडू नका, पण ऑर्डर दाराशी आली आहे असंही समजू नका. गोंधळ बहुधा प्रोफॉर्मापासूनच सुरू झाला असावा. आपला निर्यातदार प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे माल पाठवण्याआधीचं बिल, काढतो तेव्हा सौदा जवळपास ठरलेला असतो, पुढची पायरी आगाऊ रक्कम किंवा एलसी, म्हणजे पैसे देण्याची बँकेची हमी. पेरूत ‘प्रोफोर्मा’ म्हणजे साधं कोटेशन. घराला रंग द्यायचा असला तरी तिथला माणूस रंगाऱ्याकडे प्रोफोर्मा मागतो, तीही तीन ठिकाणी. खरेदी पक्की झाल्याचा कागद वेगळा, त्याला ‘ऑर्देन दे कोम्प्रा’ म्हणतात. त्यावर ऑर्डरचा क्रमांक असतो आणि खरेदीदार कंपनीचा ११ आकडी कर-क्रमांक, म्हणजे ‘रुक’, असतो. तो कागद येईपर्यंत कच्चा माल उचलू नका.

आता त्या ‘हो’विषयी. फोनवर पेरूचा माणूस मधूनमधून ‘या, या’ म्हणतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा ‘ऐकतोय, पुढे बोला’ एवढाच असतो. ‘बामोस आ बेर’ म्हणजे पाहू या. ‘कोओर्दिनामोस’ म्हणजे जुळवून घेऊ, नंतर बोलू. तोंडावर नकार देणं, तेही लांबून आलेल्या पाहुण्याला, तिथे उद्धटपणाचं समजतात. मराठी माणसाला ‘बघू, कळवतो’चा अर्थ सांगायला नको. तोच शब्द परक्या भाषेत आला की मात्र आपण तो अक्षरशः घेतो.

म्हणून ‘ऑर्डर देताय का?’ असं विचारूच नका. ज्याला नुसतं ‘हो’ म्हणून भागत नाही, असं विचारा. पहिल्या खेपेत कुठल्या मॉडेलच्या क्लच प्लेटा, किती संच, आणि माल काय्याओ बंदरात कोणत्या महिन्यात हवा? आकड्यांत उत्तर आलं तर व्यवहार जिवंत आहे. दोनदा विचारूनही ‘जुळवून घेऊ’ असंच आलं, तर दर जमत नाही किंवा त्यांचा जुना पुरवठादार अजून सुटलेला नाही. अशा वेळी त्यांना सोपी वाट तुम्हीच करून द्या : ‘दराची अडचण आहे की मुदतीची?’ दोन पर्याय समोर आले की खरं कारण बाहेर येतं, कारण मग नकार त्यांच्या तोंडून जात नाही.

निरोपाची सुरुवातही पाहा. पहिल्याच ओळीत दर टाकणं त्यांना खटकतं. आधी ‘बुएनोस दिआस’, आठवडा कसा गेला, घरचे कसे आहेत, मग काम. व्हॉइस मेसेज चालतो, उलट त्याने ओळख लवकर होते. पेरूचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे आहे आणि उन्हाळा-हिवाळ्यात बदलत नाही. तिथले सकाळचे साडेआठ म्हणजे आपले संध्याकाळचे सात. दुपारी एकला ते जेवायला उठतात. म्हणजे संध्याकाळी सात ते रात्री साडेअकरा ही तुमची वेळ.

बाजार आहे, याबद्दल शंका नको. पुण्याच्या बजाजची तीनचाकी तिथे ‘तोरितो’ या नावाने ओळखली जाते आणि मोटोटॅक्सी लिमाच्या कडेच्या वस्त्यांपासून अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यापर्यंत धावतात. मालाची ओळख झालेली आहे, तुमची व्हायची आहे. वर्षातून एकदा प्रत्यक्ष जा आणि दर वेळी तोच माणूस पाठवा. पेरूत व्यवहार कंपनीशी कमी आणि माणसाशी जास्त बांधला जातो. विक्री प्रतिनिधी बदललात की ओळखीचं काम पुन्हा पहिल्यापासून.

प्रश्न : लिमातल्या कंपनीने करारात माझ्या वडिलांचं नाव आडनाव म्हणून घातलं. हे वारंवार होतं. तिथे नावाचा नियम काय आहे, आणि समोरच्याला हाक कशी मारायची? (यंत्रसामग्री निर्यातदार, कोल्हापूर)

पेरूत माणसाला दोन आडनावं असतात : आधी वडिलांकडचं, मग आईकडचं. माजी राष्ट्राध्यक्ष आलान गार्सिया पेरेस यांत ‘गार्सिया’ वडिलांकडून आणि ‘पेरेस’ आईकडून. हाक मारताना पहिलं आडनाव, म्हणजे ‘सेन्योर गार्सिया’. ‘सेन्योर पेरेस’ म्हटलंत तर ते आईच्या घराण्याच्या नावाने हाक मारल्यासारखं होतं. लग्नानंतर बाईचं आडनाव बदलत नाही. नवरा-बायको दोघं एकाच कंपनीत संचालक असले तरी नावावरून कळणार नाही.

आपलं तीन पदरी नाव या साच्यात बरोबर उलटं बसतं. कार्डावर ‘विजय दत्तात्रय कुलकर्णी’ असेल, तर तिथला कारकून ‘दत्तात्रय’ वडिलांकडचं आडनाव धरतो, ‘कुलकर्णी’ आईकडचं, आणि तुम्ही होता ‘सेन्योर दत्तात्रय’. हाकेपुरतं ते चालून जाईल, करारात आणि बँकेच्या कागदात चालत नाही, कारण पासपोर्टाशी नाव जुळलं नाही की नोटरी आणि बँक दोघंही कागद परत करतात. कार्डावर मधलं नाव घालूच नका. फॉर्मवर ‘नोम्ब्रेस’च्या रकान्यात पासपोर्टातलं ‘गिव्हन नेम’ जसंच्या तसं (वडिलांचं नाव त्यातच असेल तर तेही), ‘आपेयिदो पातेर्नो’मध्ये आडनाव, आणि ‘आपेयिदो मातेर्नो’मध्ये नुसती आडवी रेघ. मसुदा आला की आधी नाव तपासा, मग कलमं.

पदवी हे तिथलं मोठं प्रकरण आहे. अभियंत्याला ‘इन्हेनिएरो’, बाई असेल तर ‘इन्हेनिएरा’, आणि वकिलालाही ‘दोक्तोर’. कारखाना, खाण, बांधकाम या तिन्ही ठिकाणी ‘इन्हेनिएरो’ हाच मान आहे. पदवी ठाऊक नसेल तर ‘सेन्योर’ किंवा ‘सेन्योरा’ अधिक आडनाव. ‘तू’ला ‘तु’ आणि ‘तुम्ही’ला ‘ऊस्तेद’. तुम्ही ‘ऊस्तेद’वर राहा. ‘आता तु म्हणा’ असं त्यांनी सुचवलं तर समजा एक दार उघडलं.

प्रश्न : मी पुण्यातल्या आयटी कंपनीत व्यवस्थापक आहे आणि एकटी लिमाला जाणार आहे. तिथे गालाला गाल लावून भेटतात म्हणे. मला ते नको असेल तर? (वाचक, पुणे)

बायका एकमेकींना आणि पुरुष-बाई भेटताना उजव्या गालाला गाल टेकवतात, एकदाच. ओठ टेकत नाहीत. पुरुष-पुरुष हात मिळवतात. कामाच्या पहिल्या भेटीत हस्तांदोलन पूर्ण शिष्टसंमत आहे. तुम्हाला तेच हवं असेल तर जवळ येण्याआधीच हात पुढे करा आणि ‘मुचो गुस्तो’ म्हणा, समोरचा लगेच समजतो. घुटमळलात की गाल येणारच.

याहून जास्त चुकतं ते भलतीकडेच. खोलीत शिरताना सगळ्यांना ‘बुएनोस दिआस’ म्हणायचं असतं, दारावरचा रखवालदार आणि रिसेप्शनवरची मुलगी धरून. लिफ्टमध्येसुद्धा. निघतानाही प्रत्येकाचा निरोप घ्यायचा. वरिष्ठाशी हात मिळवून बाकीच्यांकडे नुसती मान हलवली, तर ती गोष्ट बैठकीनंतर बोलली जाते. रस्त्यावर हात दाखवून टॅक्सी थांबवू नका. अ‍ॅपवरून किंवा हॉटेलमार्फत बोलवा, आणि गाडीत खिडकीपाशी मोबाइल हातात धरू नका.

प्रश्न : शाकाहारी माणसाने तिथल्या ‘बिझनेस लंच’ला काय करावं? दारूही घेत नाही. यजमान नाराज होतील का? (मसाला उत्पादक, सांगली)

नाराज होणार नाहीत, पण त्यांना आदल्या दिवशी कळवा. आणि नुसतं ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. ‘कार्ने’ म्हटलं की तिथे मनात प्रथम गोमांस येतं, त्यामुळे ‘सिन कार्ने’ सांगितलंत की प्रेमाने कोंबडी वाढतात, किंवा सॅलडवर हॅमचे तुकडे घालतात. चारही नावं घ्या : सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो, सिन हामोन. म्हणजे मांस, कोंबडी, मासे, हॅम यांशिवाय. सूप भाज्यांचं दिसलं तरी पाणी बहुधा कोंबडीच्या रश्शाचं असतं, ते वेगळं विचारा.

मागता येईल असं पुष्कळ आहे. ‘पापा आ ला उआन्काइना’ म्हणजे उकडलेल्या बटाट्यावर पिवळी मिरची, चीज आणि दूध यांचा दाट सॉस. वर उकडलेलं अंडं असतं, नको असेल तर सांगा. ‘कौसा’ म्हणजे लिंबू आणि मिरची घालून मळलेल्या बटाट्याचा थर. एरवी आत ट्यूना किंवा कोंबडी भरतात, तुम्ही ‘पाल्ता’, म्हणजे अ‍ॅव्होकॅडो, भरून मागा. टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज जवळपास सगळीकडे मिळतं. आरेकिपा शहरात ‘सोलतेरितो’ हे चीज, बाकला आणि कांद्याचं सॅलड मागा. काहीच जमलं नाही तर ‘चिफा’, म्हणजे पेरूतलं चिनी उपाहारगृह. तिथे भाज्यांचा ‘चौफा’ भात मिळतो, पण सॉसेज नको असं बजावावं लागतं. ‘रोकोतो रेयेनो’ ही भरली ढोबळी मिरची वाटते. आत खिमा असतो.

पिस्को ही तिथली द्राक्षांची दारू. पिस्को सावरचा ग्लास पुढे आला तर एवढं लक्षात ठेवा : वरचा पांढरा फेस अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा असतो. पिस्को चालत असेल आणि अंडं नको असेल तर ‘चिल्कानो’ मागा, ते जिंजर एल आणि लिंबू घालून करतात. दारूच नको असेल तर ‘चिचा मोरादा’. जांभळ्या मक्याचं हे गोड पेय बिनदारूचं असतं आणि पाहुण्याने ते मागितलं की यजमान खूश होतात. ‘चिचा दे होरा’ मात्र आंबवलेली असते, नावाच्या सारखेपणावर जाऊ नका.

जेवण एकच्या पुढे सुरू होतं आणि दोन तास चालतं. सेविचेची, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेल्या कच्च्या माशाची, चांगली हॉटेलं दुपारचीच असतात, संध्याकाळी मासा शिळा म्हणून बरीचशी बंद. जेवताना दराचा कागद काढू नका. यजमान स्वतः विषय काढतो, बहुधा कॉफीला. त्याआधी जेवणाचं कौतुक करा, मनापासून. आपल्या स्वयंपाकाचा पेरूच्या लोकांना जेवढा अभिमान आहे तेवढा क्वचितच दुसऱ्या कशाचा असेल. जो बोलावतो तो पैसे देतो, वाटणी होत नाही. टिप साधारण दहा टक्के, बिलात आधीच धरली नसेल तर. उठून जाताना शेजारच्या टेबलाला ‘प्रोवेचो’ म्हणतात.

वर्कशॉपमध्ये बिअरची बाटली निघाली तर पद्धत वेगळी. घोळक्यात ग्लास एकच. आपल्यापुरती ओतायची, बाटली पुढच्याला द्यायची, पिऊन ग्लासाच्या तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लास पुढे द्यायचा. न पिणाऱ्याने हसून हात जोडले तर कोणी आग्रह धरत नाही. घोळक्यातून उठून जाणं मात्र बरं दिसत नाही.

प्रश्न : गामार्रामध्ये कापड विकायचं आहे. तिथले व्यापारी कसे आहेत? (यंत्रमागधारक, इचलकरंजी)

गामार्रा म्हणजे लिमातल्या ला व्हिक्टोरिया भागातली कापड आणि तयार कपड्यांची मोठी पेठ. सान इसिद्रो भागातल्या काचेच्या ऑफिसांतले शिष्टाचार इथे चालत नाहीत. इंग्रजी जवळजवळ नाही, स्पॅनिश बोलणारा माणूस सोबत हवाच. घासाघीस होते, पण हसत. नेहमीचं गिऱ्हाईक आणि दुकानदार एकमेकांना ‘कासेरो’, ‘कासेरा’ म्हणतात आणि व्यवहार संपताना ‘यापा’ मागतात, म्हणजे वरचं थोडं. तुमच्याकडूनही यापाची अपेक्षा असते, म्हणून दरात एक-दोन टक्क्यांची जागा ठेवूनच सुरुवात करा. पहिल्याच आकड्यावर अडून बसलेला विक्रेता त्यांना रुक्ष वाटतो.

दर देताना एकक पाहा. होजिअरीचं विणलेलं कापड किलोवर विकतात, मागावरचं मीटरवर. दोन्हींच्या नमुन्यावर वजन (जीएसएम), पन्हा आणि धाग्याचं मिश्रण स्पॅनिशमध्ये लिहा. दुसरी गोष्ट ऋतूंची. पेरू दक्षिण गोलार्धात आहे. तिथली शाळा मार्चमध्ये सुरू होते, म्हणजे गणवेशाच्या कापडाचा हंगाम, त्यांच्या भाषेत ‘कांपान्या एस्कोलार’, जानेवारीपासूनच. शिलाईला लागणारा वेळ धरला तर माल नोव्हेंबरच्या सुमारास तिथे हवा. जाड कापड जूनच्या थंडीसाठी. मे महिन्यातला दुसरा रविवार, म्हणजे मातृदिन, हा दुकानदारांचा मोठा सण. इथल्या दिवाळीच्या गणिताने माल पाठवलात तर तो गोदामात पडून राहील.

आणि दर देण्याआधी आपल्या एचएस कोडवर (मालाच्या वर्गवारीच्या क्रमांकावर) अँटी-डंपिंग शुल्क, म्हणजे फार स्वस्त आयातीवरचं जादा शुल्क, आहे का ते तपासा. पेरूत ते इंदेकोपी ही संस्था ठरवते. तिथल्या स्थानिक गिरण्या या बाबतीत सावध असतात.

प्रश्न : आमचा सर्व्हिस इंजिनिअर सेरो दे पास्कोच्या बाजूला एका खाणीत पंप बसवायला जाणार आहे. काय काळजी घ्यावी? (पंप उत्पादक, सातारा जिल्हा)

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर आहे. सेरो दे पास्को ४,३०० मीटरच्या वर. लिमा समुद्रकाठी, आणि तिथून मध्य पर्वतराजीत जाणारा रस्ता दीडशे किलोमीटरच्या आतच तिक्लियोच्या ४,८१८ मीटरच्या खिंडीवर चढतो. सकाळी समुद्र, दुपारी ही उंची. डोकेदुखी, मळमळ, धाप, झोप न लागणं याला तिथे ‘सोरोचे’ म्हणतात आणि ते धडधाकट तरुणालाही गाठतं.

खाणीत कोणी असंच आत सोडत नाही. पेरूच्या खाण सुरक्षा नियमांत २,५०० मीटरच्या वर जाणाऱ्या पाहुण्यासाठी वैद्यकीय तपासणीचा ठरावीक नमुना आहे, ‘आनेक्सो १६-आ’. प्रत्यक्ष काम करणाऱ्यासाठी ‘आनेक्सो १६’ ही सविस्तर तपासणी. तुमचा माणूस पंप बसवणार आहे, म्हणजे दुसरी लागण्याची शक्यता जास्त. कुठली हवी ते खाणीकडून लेखी विचारून घ्या. ताब्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, अ‍ॅनिमिया, फिट्स, नुकतीच झालेली मोठी शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर माणूस खाली लिमातच थांबवला जातो. हे इथेच तपासून घ्या, नाहीतर तिकिटाचा खर्च पाण्यात. शिवाय ‘एससीटीआर’ हा जोखमीच्या कामाचा विमा (आरोग्य आणि पेन्शन असे दोन भाग), सुरक्षेचं प्रशिक्षण, आणि स्वतःचे मापाचे सेफ्टी बूट. मोठ्या पायाच्या माणसाला तिथे ऐनवेळी माप मिळत नाही.

वेळापत्रकात चढणीचे दिवस धरा. मधल्या उंचीवर निदान एक रात्र, जमलं तर दोन. पहिल्या दिवशी हलकं जेवण, भरपूर पाणी, धावपळ नाही, दारू अजिबात नाही. फाटकावर श्वासाची चाचणी होते आणि तिथे शून्य म्हणजे शून्य. गोळ्या आपल्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्या.

हॉटेलात ‘माते दे कोका’, कोकाच्या पानांचा चहा, पाहुणचार म्हणून पुढे येतो. पेरूत तो कायदेशीर आहे आणि लोक तो रोज पितात. पण त्याचे अंश लघवीच्या अमली पदार्थ चाचणीत दिसतात, आणि खाणी ती चाचणी घेऊ शकतात. खाणीत जाण्याआधीच्या दिवसांत तो टाळा, ‘मुन्या’ या डोंगरी वनस्पतीचा चहा मागा. कोकाच्या चहाची पाकिटं भेट म्हणून भारतात आणू नका. आपल्या एनडीपीएस कायद्यात कोकाचं पान बंदी घातलेल्या पदार्थांत येतं, पाकीट दुकानातून घेतलं होतं हा बचाव चालत नाही.

आत गेल्यावर दिवसाची सुरुवात ‘चार्ला दे सिंको मिनुतोस’ने होते, म्हणजे पाच मिनिटांचं सुरक्षेचं बोलणं. बैठकही सुरक्षेच्या एका मुद्द्याने सुरू होते. त्या वेळी मोबाइल पाहणाऱ्या इंजिनिअरवर तिथले लोक तांत्रिक कामातही विश्वास ठेवत नाहीत. एक मुद्दा तयार ठेवून जा, कामाला येईल.

प्रश्न : जायला महिना कोणता बरा? आणि वेळ पाळतात का? (वाचक, नाशिक)

मार्चच्या मध्यापासून जूनपर्यंत आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर, मधला ईस्टरचा पवित्र आठवडा वगळून. २८ आणि २९ जुलै हे स्वातंत्र्याचे दिवस, ‘फिएस्तास पात्रियास’. त्याच्या आगेमागे पूर्ण आठवडा हातचा जातो. जुलै आणि डिसेंबरमध्ये कामगारांना एकेका पगाराइतकं ‘ग्रातिफिकासिओन’ द्यावं लागतं, म्हणून त्या महिन्यांत कंपन्यांच्या हातात रोकड कमी असते आणि तुमचं बिल मागे पडतं. ऑक्टोबरमध्ये सेन्योर दे लोस मिलाग्रोसच्या मिरवणुकीला लिमाचं जुनं शहर जांभळ्या वस्त्रांनी भरतं आणि रस्ते बंद होतात, त्या दिवशी तिथली बैठक घेऊ नका. खाणवाल्यांनी एका वर्षाआड आरेकिपात भरणारं ‘पेरूमिन’ संमेलन गाठावं. तिथे आठवडाभरात जेवढी माणसं भेटतात तेवढी लिमात दोन महिन्यांत भेटत नाहीत.

वेळेचं म्हणाल तर ‘ओरा पेरुआना’ हा त्यांचा स्वतःचाच विनोद आहे. २००७ च्या मार्चमध्ये सरकारने घड्याळं जुळवून वक्तशीरपणाची मोहीमच काढली होती, राष्ट्राध्यक्ष तेव्हा वर नाव आलेले गार्सियाच. बँका, खाणी आणि परदेशी कंपन्या आज वेळ पाळतात. मध्यम आकाराच्या घरगुती कंपनीत वीस मिनिटं धरून चला. तुम्ही मात्र वेळेवरच पोचा. घरच्या जेवणाचं आमंत्रण उलटं : आठला बोलावलं तर साडेआठ, आधी गेलात तर यजमान तयार होत असतो.

प्रश्न : लिमात वितरक नेमतोय. तोंडी सगळं ठरलं, माणसं फार चांगली आहेत. कराराची घाई करावी का? (शेती अवजार उत्पादक, छत्रपती संभाजीनगर)

करा. बोलण्यात जेवढा मऊपणा, तेवढीच कागदात ताठरता, असा तिथला कारभार आहे, आणि कागद मागितला म्हणून कोणी रागावत नाही.

सर्वात आधी ‘सुनात’, म्हणजे तिथल्या कर खात्याच्या संकेतस्थळावर रुक क्रमांक टाका. हे मोफत आहे. कंपन्यांचा क्रमांक २० ने सुरू होतो. १० ने सुरू झाला तर समोर एकटी व्यक्ती आहे, कंपनी नाही. दोन शब्द शोधा : ‘आक्तिवो’ आणि ‘आबिदो’. पहिला म्हणजे नोंदणी चालू, दुसरा म्हणजे दिलेल्या पत्त्यावर कंपनी खरोखर सापडते. ‘नो आबिदो’ दिसलं तर थांबा.

मग ‘विहेन्सिया दे पोदेर’ मागा. सार्वजनिक नोंदणी कार्यालय ‘सुनार्प’ हा दाखला देतं. कंपनीच्या वतीने कोण सही करू शकतो, किती रकमेपर्यंत, एकट्याने की दोघांनी मिळून, हे त्यात असतं. दाखला महिन्याभरातला हवा. इथेच बहुतेकांची फसगत होते : ज्याच्याशी जेवणं झाली, तो विक्रीप्रमुख असतो आणि सहीचा अधिकार त्याला नसतो. त्याने प्रामाणिकपणे केलेली सहीही कंपनीवर बंधनकारक नसते.

करार दोन भाषांत करा आणि मतभेद झाल्यास कोणती प्रत ग्राह्य, ते लिहा. प्रत्येक पानावर छोटी सही होते, शेवटी पूर्ण सही आणि शेजारी बोटाचा ठसा. अंगठा म्हणजे निरक्षर हे समीकरण तिथे नाही, व्यवस्थापकीय संचालकही ठसा देतो. नोटरी हा तिथे वजनदार कायदेतज्ज्ञ असतो, त्याच्याकडे रांग लागते, अर्धा दिवस राखून ठेवा. तुमचं मुखत्यारपत्र भारतातून जाणार असेल तर त्याला अ‍ॅपोस्टिल हवं, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरण्यासाठीचा सरकारी शिक्का (दोन्ही देश तो मानणाऱ्या करारात आहेत), आणि मान्यताप्राप्त अनुवादकाचं स्पॅनिश भाषांतर.

आकडे लिहिताना लाख-कोटींचे स्वल्पविराम घालू नका, १,००,००० पाहून त्यांना चूक वाटते. आणि ‘बिलियन’ शब्द टाळा. स्पॅनिशमधला ‘बिय्योन’ म्हणजे एकावर बारा शून्यं, आपल्या शंभर कोटींना ते ‘मिल मिय्योनेस’ म्हणतात. दोन हजार सोल (पेरूचं चलन) किंवा पाचशे डॉलरपासून पुढची रक्कम बँकेमार्फत गेली नाही तर खरेदीदाराला तो खर्च करात दाखवता येत नाही, म्हणून रोखीचा आग्रह कोणी धरला तर कान टवकारा. खर्चासाठी नेलेल्या डॉलरच्या नोटा कोऱ्या हव्यात. कडेला दोन मिलिमीटर फाटलेली किंवा शाई लागलेली नोट टॅक्सीवाल्यापासून बँकेपर्यंत कोणी घेत नाही, उजेडाकडे धरून प्रत्येक नोट तपासतात.

भेटवस्तू दुसऱ्या भेटीत, छोटी. अल्पाकाच्या लोकरीच्या देशात सिंथेटिक शाल नेऊ नका. चांगली हातमागाची स्टोल किंवा पितळेची वस्तू बरी. सरकारी माणसाला काहीही देऊ नका, डायरीसुद्धा. ओदेब्रेख्त या ब्राझीलच्या बांधकाम कंपनीच्या लाचखोरीच्या प्रकरणानंतर तिथल्या कंपन्या याबाबत फार सावध झाल्या आहेत.

प्रश्न : गप्पांत कोणते विषय टाळावेत? (वाचक, पणजी)

चिलीशी तुलना सर्वात आधी टाळा. १८७९ च्या युद्धात चिलीच्या सैन्याने लिमा ताब्यात घेतलं होतं आणि दक्षिणेचा प्रदेश गेला तो गेलाच. पिस्को कोणाची हा वाद तर दिल्लीच्या उच्च न्यायालयापर्यंत येऊन पोचला. ‘चिलीत हे स्वस्त मिळतं’ हे दराच्या बोलण्यातही काढू नका. १९८० ते २००० मधला दहशतवादाचा काळ, माजी राष्ट्राध्यक्ष आल्बेर्तो फुजिमोरी, आणि कोणाचा वर्ण किंवा डोंगराळ भागातलं मूळ, हे विषय समोरच्याने काढले तरच, आणि तेव्हाही ऐकायचं. स्वतःची ओळख ‘इंदियो’ अशी करून देऊ नका. तो शब्द तिथे मूळ रहिवाशांना हिणवायला वापरला गेला आहे. ‘सोय दे ला इंदिया’, म्हणजे मी भारतातला, एवढं पुरे. आरेकिपाच्या माणसासमोर लिमाची फार स्तुती नको. फुटबॉल, मुलं, जेवण हे विषय कधीच संपत नाहीत.

प्रश्न : वितरक म्हणतो, इकितोसला चला, मोटोटॅक्सीचं खरं गिऱ्हाईक तिथे आहे. जावं का? (विक्री प्रतिनिधी, चाकण)

जा. इकितोसला पेरूच्या बाकी भागातून रस्ताच नाही, विमानाने किंवा नदीने जावं लागतं, आणि शहरात जिकडे तिकडे मोटोटॅक्सी. पण तो अ‍ॅमेझॉनचा भाग आहे, पिवळ्या तापाची लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्या. साठीच्या पुढचे असाल तर आधी डॉक्टरांशी बोला. आणि इकितोसला गेला नाहीत तरी लस घ्याच. पिवळ्या तापाच्या देशांच्या भारताच्या यादीत अख्खा पेरू आहे. तिथून निघाल्यावर सहा दिवसांच्या आत मुंबईत उतरलात आणि दाखला नसला, तर विलगीकरणात राहावं लागू शकतं. मूळ पिवळं कार्ड पासपोर्टासोबत हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सामानात नको.